मराठेशाहींतील मुलींची कारभाराची तालीम

(१)

स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहितांना आपल्याकडे सामान्यतः इ. स. १८४८ पासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. त्या वर्षीं पुण्याच्या बुधवार पेठेंतील भिड्यांच्या वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली. त्यापूर्वीं मुलींस शिक्षण नव्हतें, असें एका वाक्यांत सांगून लेखक पुढें जातात. अक्षरओळखीपुरतें हें विधान बहुतांशीं मान्य करण्यास हरकत नाहीं. परंतु अक्षरओळख ही एक गोष्ट. आणि माणसें कामास लावणें, जमाखर्च पाहणें, संकटाच्या वेळीं निर्णय घेऊन घराणें किंवा मुलूख सांभाळणें, ही दुसरी गोष्ट. ह्या दुसऱ्या गोष्टीची तालीम मुलींस कोठें व कशी मिळाली, हा प्रश्न स्वतंत्रपणें विचारला जात नाहीं. तो विचारावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रश्न निराधार नव्हे. छत्रपति राजारामांच्या मृत्यूनंतर १७०० मध्यें ताराबाईंनीं औरंगजेबाविरुद्धच्या युद्धाचीं सूत्रें हातीं घेतलीं, तेव्हां त्यांचें वय पंचवीस वर्षांचें होतें. १७३१ मध्यें डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर उमाबाई दाभाडे यांनीं सेनापतीच्या घराण्याचा कारभार पुढें चालविला. बाळाजी विश्वनाथांच्या कन्या अनुबाई घोरपडे यांनीं पति व्यंकटराव १७४५ मध्यें वारल्यावर इचलकरंजीचें संस्थान सांभाळलें. १७६७ मध्यें अहिल्याबाईंकडे होळकरांची दौलत आली. ह्या चौघी कोणत्याही शाळेंत गेल्या नव्हत्या. तथापि ज्या दिवशीं जबाबदारी आली त्या दिवशीं त्या कोऱ्या हातांनीं उभ्या होत्या, असें मानणें कठीण आहे.

हा विषय आम्हांस पुण्याच्या शनिवार पेठेमुळें सुचला. ह्या पेठेचें जुनें नांव मुर्तजाबाद. येथें थोरल्या बाजीरावांनीं १० जानेवारी १७३० रोजीं, शनिवारीं, वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांत केली. पुढें सत्तर-ऐंशी वर्षें हिंदुस्थानाच्या राजकारणाचीं अनेक सूत्रें ह्याच वाड्यांतून हालत. त्याच पेठेंत डेक्कन एज्युकेशन सोसायटीची मुलींची शाळा आहे. तिचें नांव अहिल्यादेवी. शनिवारवाड्याच्या सावलींतील मुलींच्या शाळेस वाड्यांतील एकाही पेशवीणबाईचें नांव नसून शेंकडों मैल दूर नर्मदाकाठीं राज्य करणाऱ्या, चौंडीच्या पाटलाच्या मुलीचें नांव असावें, ही गोष्ट रोज पाहून आपल्या अंगवळणीं पडली आहे. आमच्या मतें तिला कारण आहे, आणि तें कारण म्हणजेच प्रस्तुत प्रश्नाचें उत्तर आहे.

(२)

प्रथम वयाचा विचार केला पाहिजे. त्या काळीं मुलीचें लग्न आठव्या-दहाव्या वर्षीं होई. म्हणजे आज ज्यास आपण कुमारवय म्हणतों, तें बहुतेक सगळें वय तिचें सासरीं जाई. म्हणून मुलगी माहेरीं काय शिकली हें शोधीत बसण्यांत फारसें हंशील नाहीं. तिची शाळा म्हणजे सासर, तिचे पंतोजी म्हणजे सासूसासरे, आणि तिचा अभ्यासक्रम म्हणजे त्या घरीं चालणारें काम. ज्या घरीं फक्त स्वयंपाक व सणवार चाले तेथें ती तेवढेंच शिके; ज्या घरीं पागा, गांवें, कमाविसदार आणि स्वाऱ्या यांचा राबता असे तेथें शिकण्यास पुष्कळ असे. मात्र असे, एवढ्यावरून तें तिला शिकविलें जाई, असें ठरत नाहीं. काम नजरेसमोर होणें आणि काम हातीं येणें यांत मोठें अंतर आहे.

हें अंतर मोजण्यास आम्हीं तीन कसोट्या घेतल्या आहेत. पहिली : कांहीं उत्पन्न तिच्या नांवें होतें काय ? दुसरी : कामाचा हुकूम तिला लिहिला जाई, कीं तिच्या नांवानें दुसऱ्यास ? तिसरी : हिशेबाचा जाब कोणास विचारला जाई ? ह्या तिन्ही कसोट्यांस जी उतरते तिला कारभाराची तालीम मिळाली असें म्हणतां येईल. बाकीच्यांस मान मिळाला, प्रतिष्ठा मिळाली, क्वचित् सत्ताही मिळाली. तालीम मिळाली असें म्हणतां येणार नाहीं.

(३)

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजीं, हल्लींच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेड तालुक्यांत चौंडी येथें झाला. वडील माणकोजी शिंदे गांवचे पाटील. १७३३ च्या सुमारास मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशीं त्यांचें लग्न झालें. मार्च १७५४ मध्यें कुंभेरीच्या वेढ्यांत खंडेराव पडले, तेव्हां त्यांचें वय अठ्ठावीस होतें. लग्न आणि वैधव्य यांमधील हीं एकवीस वर्षें त्यांच्या चरित्रकारांनीं बहुधा भक्ति, व्रतें आणि सासूसासऱ्यांची सेवा यांनीं भरून काढलीं आहेत. सेवा खरी, पण ती कोणत्या कामाची, हें पाहिलें पाहिजे.

येथें होळकरांच्या घराण्यांतील एका व्यवस्थेकडे लक्ष द्यावें लागतें. १७३४ मध्यें मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नांवें खासगीचें उत्पन्न निराळें लावून देण्यांत आलें. दौलत आणि खासगी ह्या दोन गोष्टी होळकरांकडे वेगळ्या होत्या. दौलतीच्या उत्पन्नांतून फौज, सरंजाम आणि सरकारचा ऐवज भागवावयाचा. खासगीच्या उत्पन्नावर घरच्या मुख्य स्त्रीची मुखत्यारी. खासगीस स्वतःचीं गांवें होतीं. गांवें आलीं म्हणजे वसूल आला, वसुलाबरोबर कमाविसदार व कारकून आले, त्यांच्या तक्रारी, सुटी-तहकुबी, देवस्थानांचे नेमणुकी खर्च, देणींघेणीं, सारें आलें. दौलतीचें जें जें अंग, त्याची लहान प्रत खासगींत होती. नव्हती ती फक्त लढाई.

आमच्या समजुतीप्रमाणें होळकरांच्या घरांतील मुलींची शाळा ती हीच. दहा-बारा वर्षांची सून सासूच्या शेजारीं बसे. कारकून रोजकीर्द वाचून दाखवी. कोणत्या गांवचा हप्ता आला, कोणता राहिला, कोणास ताकीद गेली, हें कानांवर पडे. कांहीं वर्षांनीं तेंच काम तिच्यावर पडे, आणि सासू ऐकणारी होई. गौतमाबाई १७६१ मध्यें वारल्या आणि खासगीचा भार अहिल्याबाईंवर आला, तेव्हां ती वस्तु त्यांस नवी नव्हती. ज्या खासगीवर त्यांचा हात बसला होता तींतूनच पुढें काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, धर्मशाळा आणि देवळें उभीं राहिलीं. ह्या बांधकामांकडे धर्मशीलतेचें फळ म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. तें योग्यच आहे. पण शेंकडों कोसांवरील गवंड्यास वेळेवर पैका पोंचविणें, आणि दिलेल्या पैक्याचा हिशेब परत मागविणें, हें केवळ भक्तीनें होत नाहीं.

(४)

दुसऱ्या कसोटीचा पुरावा अधिक ठसठशीत आहे. १७६५ मध्यें मल्हाररावांनीं अहिल्याबाईंस पाठविलेलीं पत्रें प्रसिद्ध आहेत. त्यांत सुनेस कुशलप्रश्न थोडे आणि कामाचे हुकूम फार. चंबळ उतरून ग्वाल्हेरीकडे जावें, तोफखाना व दारूगोळा यांची तजवीज करावी, वाटेच्या बंदोबस्तास चौक्या बसवाव्या, अशा आशयाचा मजकूर त्यांत येतो. ह्या पत्रांवरून अहिल्याबाईंचें शौर्य सिद्ध करण्याकडे लेखकांचा ओढा असतो. आमच्या दृष्टीनें त्यांचें महत्त्व निराळें आहे. हुकूम त्रोटक आहेत. तोफ कशी ओतवावी, चौकी कोठें बसवावी, माणसें कोणतीं घ्यावीं, हें सासरा समजावून सांगत बसत नाहीं. ज्यास काम ठाऊक आहे अशा माणसास लिहावें तसें लिहितो. आणि हीं पत्रें कारभाऱ्यास नव्हेत, सुनेस आहेत.

जुनीं पत्रें वाचणाऱ्यास हें सांगावयास नको कीं, सविस्तर सूचना नवख्यास लिहितात आणि त्रोटक हुकूम जाणत्यास. ह्या न्यायानें पाहिलें तर १७६५ चें पत्र हें तालमीचा आरंभ नसून अखेरचा दाखला आहे. त्यामागें दहा-पंधरा वर्षें कामें सोंपविण्याची, चुका दुरुस्त करण्याची आणि पुन्हां सोंपविण्याची रीत चाललेली असली पाहिजे. खंडेरावांच्या मृत्यूनंतर अहिल्याबाई सती जाऊं लागल्या असतां मल्हाररावांनीं त्यांस परावृत्त केलें, ही हकीकत सर्वांस माहीत आहे. ती पुत्रशोकाची व वात्सल्याची म्हणून सांगितली जाते. तिच्यांत दुसरेंही एक सत्य असावें : त्या दिवशीं मल्हारराव केवळ सुनेस वांचवीत नव्हते, एकवीस वर्षांत तयार झालेलें कारभाराचें माणूस वांचवीत होते.

२० मे १७६६ रोजीं आलमपूर येथें मल्हारराव वारले. पुढच्याच वर्षीं अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव वारले. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं दत्तकाचा विचार पुढें मांडला, आणि राघोबादादा फौजेसह माळव्यांत होते. ह्या प्रसंगीं अहिल्याबाईंनीं राघोबादादांस पाठविलेला जबाब अनेक पुस्तकांत वीररसानें रंगविलेला आहे. तो परंपरेनें आलेला आहे, म्हणून त्यावर आम्ही भार देत नाहीं. भार द्यावा असें तथ्य हें कीं, पेशवे माधवरावांनीं अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला, फौजेचें काम तुकोजी होळकरांकडे राहिलें, आणि मुलकी कारभार व खजिना अहिल्याबाईंकडे राहिला. ही वांटणी १३ ऑगस्ट १७९५ रोजीं अहिल्याबाईंचा अंत होईपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षें, टिकली. माल्कमसाहेबांनीं १८२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथांत, बाईंस पाहिलेल्या माणसांच्या सांगीवरून, त्या रोज स्वतः दरबारांत बसून फिर्यादी ऐकत, असें नमूद केलें आहे. ज्या स्त्रीनें बाराव्या वर्षापासून कारकुनाचें वाचन ऐकलें, तिला साठाव्या वर्षीं फिर्याद ऐकण्याचा कंटाळा नव्हता.

(५)

आतां शनिवारवाड्याकडे वळूं. येथील स्त्रियांची योग्यता कमी होती, असें म्हणण्याचा आमचा आशय नाहीं. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५-३६ मध्यें काशीयात्रेस गेल्या, तेव्हां वाटेवरील राजेरजवाड्यांनीं त्यांचा मान ठेवला, आणि त्या यात्रेस राजकीय वजन आलें. अनुबाई ह्याच घराण्याच्या कन्या. पण त्यांच्या हातून कारभार झाला तो सासरीं, इचलकरंजीस. गोपिकाबाई ह्या वाईच्या रास्त्यांच्या कन्या, नानासाहेबांच्या पत्नी. बुद्धीनें तीक्ष्ण आणि स्वभावानें करड्या. नानासाहेबांच्या मृत्यूनंतर १७६१ मध्यें सोळा वर्षांच्या माधवरावांस पेशवेपद मिळालें, तेव्हां त्यांनीं राजकारणांत लक्ष घातलें, मायलेकांत वितुष्ट आलें, आणि अखेर त्या नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या. तेथून त्यांनीं नातू सवाई माधवराव यांस दिनचर्या, वागणूक आणि राज्यकर्त्यानें पाळावयाचे नियम यांविषयीं कलमें लिहून पाठविलीं. राज्य चालविणाऱ्यानें काय शिकावें याचा पेशव्यांच्या घरचा हा लेखी अभ्यासक्रम एका स्त्रीनें रचिला, आणि तो एका मुलासाठीं रचिला. ज्या गोष्टी नातवानें शिकाव्या असें आजीस वाटलें, त्या नातसुनेनेंही शिकाव्या असें वाटण्याजोगी त्या घरची व्यवस्था नव्हती.

व्यवस्था नव्हती म्हणण्याचें कारण उघड आहे. होळकर, घोरपडे, दाभाडे हीं सरदारांचीं घराणीं. त्यांचा सरंजाम घराण्यांत चाले, आणि पुरुष स्वारीवर असतां घरीं कोणीतरी मागचें पाहणें भाग असे. पेशवाई हें पद होतें. त्याचीं वस्त्रें छत्रपतींकडून यावयाचीं, त्याचें दप्तर फडणिसांकडे, हिशेब फडावर, आणि माणसें वाड्याच्या देवडीपर्यंत भरलेलीं. इतका मोठा कारभारी वर्ग जेथें हजर, तेथें सुनेच्या हातीं काम येण्याची गरजच उत्पन्न होत नसे. मोठ्या दप्तरानें पुरुषांची सोय केली आणि स्त्रियांची शाळा बंद ठेविली, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

ह्याचा परिणाम १७७४ मध्यें दिसून आला. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा वाड्यांत खून झाला. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनीं त्यांस पुरंदरावर नेऊन ठेविलें आणि त्यांच्या नांवानें कारभार चालविण्यास आरंभ केला. १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवरावांचा जन्म झाला. चाळीस दिवसांच्या मुलास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. १७७७ मध्यें गंगाबाई वारल्या. ह्या तीन वर्षांत पत्रें कोणी लिहिलीं, फौजा कोणी हालविल्या, इंग्रजांशीं तह कोणी केला, हें विचारलें तर सखारामबापू व नाना फडणीस हीं नांवें येतात. गंगाबाईंचें येत नाहीं. हा त्यांचा दोष नव्हे. एका तरुण विधवेच्या नांवानें सबंध मराठी राज्य चाललें, पण त्या नांवाबरोबर काम आलें नाहीं, कारण त्यापूर्वीं कोणीं एका गांवचाही हिशेब त्यांच्यापुढें ठेविला नव्हता.

महेश्वरच्या बाईंस आधीं काम मिळालें, मग नांव मिळालें. शनिवारवाड्यांतील बाईंस नांव मिळालें, काम मिळालेंच नाहीं. दोघींच्या बुद्धींत अंतर किती होतें हें ठरविण्यास साधन नाहीं आणि ठरविण्याची जरूरही नाहीं. अंतर तालमींत होतें.

(६)

वाड्यांतील स्त्रियांच्या लेखनाविषयीं लोकांच्या स्मरणांत जी एकच गोष्ट ठळकपणें राहिली, ती आनंदीबाईंची. राघोबादादांच्या हुकुमांतील ‘धरावें’ ह्या शब्दांतील ‘ध’ चा ‘मा’ त्यांनीं केला, ही कथा पुण्याच्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. ती सर्वस्वीं दंतकथेवर उभी आहे. परंतु दंतकथाही एक प्रकारचा कागदच असतो. तींत काय गृहीत धरलें आहे हें वाचावें. लोकांनीं गृहीत धरलें कीं, वाड्यांतील स्त्रीस मोडी वाचतां येतें, लेखणी धरतां येते, आणि एका अक्षरानें राज्याचा हुकूम फिरवितां येतो. म्हणजे पेशवीणबाई साक्षर असणें लोकांस अशक्य वाटत नव्हतें. मात्र तिची लेखणी सरळ मार्गानें हुकुमावर चालावी, ही कल्पना लोकांस सुचली नाहीं. ती चालली तर चोरूनच चालणार, असें त्यांस वाटलें. जेथें उघड अधिकार नसतो तेथें बुद्धि आडवाटेनें जाते, किंवा जाते असा संशय तरी घेतला जातो. तालीम नाकारण्याची किंमत ती ही.

येथें हस्तलिखितें जमविणाऱ्यांसाठीं एक इशारा देणें अवश्य वाटतें. स्त्रीच्या नांवाचें पत्र आढळलें म्हणजे तें तिच्या हातचें असें समजूं नये. आणि कारकुनाच्या हातचें आहे म्हणून तें तिचें नव्हे, असेंही समजूं नये. पुरुष सरदारांचीं पत्रेंही कारकूनच लिहीत, आणि त्यावरून सरदारांस कारभार येत नव्हता असें कोणी म्हणत नाहीं. पाहावयाचें तें अक्षर नव्हे. निर्णय कोणाचा, आणि त्याबद्दलचा जाब पुढच्या पत्रांत कोणास विचारला आहे, हें पाहावयाचें.

(७)

ह्या तालमीची मर्यादाही स्पष्टपणें सांगितली पाहिजे. नाहींतर आमचा लेख जुन्या काळाच्या गौरवांत जमा होईल. पहिली मर्यादा ही कीं, ती थोड्या घराण्यांपुरती होती. चौंडीच्या पाटलाची मुलगी होळकरांच्या घरीं गेली म्हणून शिकली. त्याच गांवच्या कुणब्याच्या, माळ्याच्या, महारा-मांगाच्या मुलीस शेतांतील व घरांतील कष्टांची तालीम भरपूर होती, पण तिच्या शब्दावर चार माणसें हालतील अशी जागा तिच्या वांट्यास येत नव्हती.

दुसरी मर्यादा याहून खोल आहे. ही तालीम वडील माणसाच्या मर्जीवर अवलंबून होती. मल्हाररावांनीं सोंपविलें म्हणून अहिल्याबाईंस मिळालें. न सोंपवितें तर मागण्याचा तिला हक्क नव्हता. आणि हें कोणत्याही नियमानें बांधलेलें नसल्यामुळें पुढच्या पिढीस पोंचलेंही नाहीं. अहिल्याबाईंची कन्या मुक्ताबाई हिचे पति यशवंतराव फणसे १७९१ मध्यें वारले, आणि मुक्ताबाई सती गेली. आईनें तिला परावृत्त करण्याची शिकस्त केली. तिच्या दुःखाचें वर्णन माल्कमच्या ग्रंथांत आहे. ज्या शब्दानें माळव्यांतील कमाविसदार थरथरत, तो शब्द पोटच्या मुलीपुढें चालला नाहीं. सासऱ्यानें सुनेस चितेवरून परत आणिलें, तेव्हां तिच्यासाठीं काम वाट पाहत होतें; मुक्ताबाईपुढें वैधव्याखेरीज दुसरें कांहीं उरलें नव्हतें. एका कर्तबगार स्त्रीच्या हयातींत, तिच्याच घरांत, ती परंपरा खंडित झाली. व्यक्तीच्या मर्जीवर चालणारी शाळा व्यक्तीबरोबर बंद होते, याचें याहून मोठें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

(८)

१८४८ चें महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर पाहिलें म्हणजे नीट कळतें. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. शाळेंत शिकवूं लागल्या तेव्हां त्यांचें वय सतरा वर्षांचें होतें. म्हणजे पुण्यांतील ह्या शाळेंत शिकविणारी बाई स्वतःच कुमारवयाची होती. तिला वाचावयास पतीनें शिकविलें, आणि शिकवून झाल्यावर घरीं न बसवितां वर्ग तिच्या स्वाधीन केला. रीत जुनीच : आधीं काम सोंपविणें. पण दोन गोष्टी नव्या झाल्या. काम घराण्याच्या दौलतीचें नव्हतें, लोकांचें होतें. आणि तें ज्या मुलींपर्यंत पोंचावयाचें त्या सरदारांच्या सुना नव्हत्या. १८५५ मध्यें फुल्यांच्या शाळेंतील मुक्ता साळवे ह्या सुमारें चौदा वर्षांच्या मांग मुलीचा, महार-मांगांच्या दुःखांविषयींचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. आपल्या समाजाच्या वतीनें जाहीर बोलण्याचें काम चौदा वर्षांच्या मुलीनें अंगावर घेतलें. नांव तिचें, शब्द तिचे, जबाबदारी तिची. आमच्या तिन्ही कसोट्यांपैकीं उत्पन्नाची कसोटी सोडली तर बाकीच्या ती उतरली.

१८८४ मध्यें न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर व वामन आबाजी मोडक यांच्या पुढाकारानें मुलींचें हायस्कूल निघालें. ज्या जागेवर पेशव्यांची खाशी पागा असे त्या जागेवरून लोक त्यास आजही हुजूरपागा म्हणतात. मुलींस इंग्रजी शिकवावें काय, शाळा सकाळ-सायंकाळ भरवावी कीं दिवसभर, यावर केसरी-मराठा पत्रांतून कडक टीका झाली. वादाचा मुद्दा वरवर अभ्यासक्रमाचा दिसतो. मुळांत तो सासरच्या कामाचा आणि शाळेच्या कामाचा होता. मुलीचें कुमारवय कोणाच्या मालकीचें, हा तो प्रश्न. अकराव्या वर्षीं रानड्यांच्या घरीं आलेल्या रमाबाईंस त्यांच्या पतीनें प्रथम मराठी व पुढें इंग्रजी शिकविलें. त्याच रमाबाईंनीं १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाचें काम उभें केलें. ती घरची शाळा होती, हुजूरपागेची सार्वजनिक. दोहोंत फरक एवढाच कीं, पहिलीस एक उदार पति लागतो. दुसरीस फक्त दार उघडें असावें लागतें. मल्हाररावांची मर्जी जेथें संपते तेथें शाळेची नोंदवही सुरू होते.

शनिवार पेठेंतील शाळेस अहिल्यादेवींचें नांव शोभतें तें ह्या अर्थानें. पेशवीणबाईंस सन्मान मिळाला होता; अहिल्याबाईंनीं काम केलें होतें. मुलींपुढें आदर्श ठेवावयाचा तो कामाचा.

(९)

हा प्रश्न केवळ जुन्या रुमालांतला नाहीं. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें १९९३ पासून गांवोगांवच्या पंचायतींत स्त्रियांस किमान एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रांत २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. उमेदवारीचें किमान वय एकवीस. तेव्हां जी मुलगी एकविसाव्या वर्षीं सरपंचाच्या खुर्चीवर बसावयाची, तिची तयारी त्याआधींच्या सात-आठ वर्षांत झाली पाहिजे. ती झाली नसेल तर ठरावावर सही तिची आणि कारभार पतीचा किंवा दिराचा, असा प्रकार होतो, आणि तो झालेला आपण पाहिला आहे. पुरंदरावरील गंगाबाईंची स्थिति याहून निराळी नव्हती. हल्लीं मुलींच्या नेतृत्वशिक्षणासाठीं शिबिरें व वर्ग भरतात. त्यांत व्याख्यानें पुष्कळ असतात. इतिहासाचा कौल विचाराल तर तो एवढाच कीं, मुलीस व्याख्यानापेक्षां एक वही द्यावी, तींत खऱ्या पैशाचा खरा हिशेब असावा, चूक झाल्यास जाब तिलाच विचारावा, आणि दुसऱ्या दिवशीं वही पुन्हां तिच्याच हातीं द्यावी.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ ह्या काळांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं संपादून काढले. पारसनीसांनीं महेश्वर दरबारचीं बातमीपत्रें प्रसिद्ध केलीं. हें काम थोर आहे. पण छापण्यासाठीं निवड करतांना लढाया, तह आणि राजकारण यांचीं पत्रें स्वाभाविकपणें पुढें येतात. खासगीकडील रोजकीर्द, तेरीज, ताळेबंद, कोठीच्या यादी, लुगड्यांचे व दक्षिणेचे हिशेब मागें राहतात. जुन्या घराण्यांचें दप्तर वाटून घेतांना किंवा साफ करतांना हे कागद ‘बायकांचा किरकोळ खर्च’ म्हणून प्रथम बाहेर जातात. वाळवी लागलेलीं पानें फेंकतांना हात आधीं त्यांवरच पडतो. आमचें सांगणें असें कीं, मराठेशाहींतील मुलींच्या शाळेच्या वह्या त्या ह्याच होत. ज्या कीर्दींत एका वर्षीं सासूच्या नांवें बेरीज आहे आणि कांहीं वर्षांनीं तीच बेरीज सुनेच्या नांवें आहे, ती कीर्द म्हणजे एका मुलीची परीक्षा उतरल्याचा दाखला आहे. तो दाखला ज्यांच्या माळ्यावर असेल त्यांनीं तो रद्दींत घालूं नये. त्यावरील मिति, गांवांचीं नांवें आणि ज्या बाईच्या नांवें खातें आहे तिचें नांव एवढें तरी उतरून घ्यावें, आणि मूळ कागद कोरड्या जागीं, रुमालांत बांधून ठेवावा.